सपाट बाजूचे खडे

दुकानात तिला सगळे दाभण म्हणत. अंगानं उंच, सडसडीत, मान किंचित पुढे वाकलेली. आणि बोलणं असं, की एका बाजूनं घुसलं की दुसऱ्या बाजूनं बाहेर निघावं. हे नाव कोणी पाडलं ते कोणालाच आठवत नव्हतं. पण ते इतकं अंगाला बसलं होतं, की खऱ्या नावानं कोणी हाक मारली तर मागे दुसरं कोणी उभं आहे का, हे ती वळून बघे.

दुकान खुर्च्यांचं होतं, पण तिथं खुर्च्या विकल्या जात नसत. बसून बसून दबलेल्या, फाटलेल्या, स्प्रिंगा वर आलेल्या खुर्च्या लोक आणून टाकत, आणि दुकान त्या उसवून, नव्यानं भरून परत देत असे. जागा लांबट आणि अरुंद. रस्त्याकडच्या काचेतून येणारा उजेड अर्ध्यावरच थांबायचा. मागच्या अर्ध्यात एक पिवळा दिवा दिवसभर जळत असे आणि त्याच्याखाली पोट उघडं टाकलेल्या खुर्च्या आपली पाळी यायची वाट बघत भिंतीला टेकून असत. नवीन गिऱ्हाईक तिथपर्यंत सहसा येत नसे.

दुकानाचा मालक म्हणजे काका. तो काथ्या पिंजायचा, स्प्रिंगा बांधायचा, हिशेबाची कटकट करायचा. खुर्ची बंद करायचं काम दाभणचं. बंद करणं म्हणजे शेवटचं कापड ओढून, वाकड्या सुईनं असा टाका घालणं की टाका दिसू नये. हे काम तिनं तरुणपणी काकाच्या वडिलांच्या हाताखाली उचललं. ते म्हातारे आता नव्हते, पण त्यांचा एक नियम दुकानात अजून पाळला जात होता.

खुर्ची उसवली की आत काही ना काही सापडतंच. पाठ आणि बैठक यांच्या फटीतून घसरलेलं. नाणं, अंगठी, किल्ली असेल तर ती मालकाला परत करायची. पण शर्टाचं बटण, चष्म्याची तुटकी काडी, लहान मुलाचा दुधाचा दात, असलं बिनकामाचं काही निघालं, तर ते खुर्ची बंद करण्याआधी जिथं होतं तिथंच परत ठेवायचं. म्हातारे म्हणत, की तेवढ्यानं कोणाला टोचत नाही. पण काढलं तर खुर्ची दुकानात परत येते. का येते, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. काका या नियमाला हसायचा. हसता हसता बटण उचलून तिच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "ठेव बाई जागेवर. बाप बघतोय."

तिच्या पित्ताशयात खडे झाले तेव्हाही काका हसलाच होता. "आम्ही खुर्च्यांतून काढतो, तुझ्यातून डॉक्टर काढणार. धंदा एकच." पोटाच्या उजव्या बाजूला, बरगडीखाली कळ यायची आणि पाठीत खांद्याच्या पात्यापर्यंत जायची. जेवण झालं, त्यात थोडं तेलकट असलं, की ठरलेली. तपासणी झाली. पोटाला बारीक भोकं पाडून डॉक्टरांनी खड्यांसकट पिशवी काढून टाकली. घरी जाताना नर्सनं एक छोटी बाटली तिच्या हातावर ठेवली. "तुमचे खडे. बघायला आवडतं लोकांना." आणि डॉक्टरांनी दारातून बजावलं, "पुन्हा दुखलं, ताप आला, डोळे पिवळे झाले, तर घरचे उपाय करत बसू नका मावशी. सरळ या."

घरी ती आणि तिची नणंद, दोघीच. दोघींचेही नवरे जाऊन जमाना झाला होता. नणंद वयानं धाकटी, पण घरात तिचंच चाले. तिनं खिडकीतल्या बाटलीकडे दोन दिवस तिरप्या नजरेनं बघितलं आणि मग चहाचा कप आपटला.

"वहिनी, ते आधी घराबाहेर काढ."

"काय केलं त्यांनी तुझं?"

"करत काहीच नाहीत. बघतात. मी भाजी चिरत असले की बाटलीतून बघतात."

"डोळे आहेत होय त्यांना?"

"तुझ्या पोटात इतकी वर्षं बसून होते. सगळं ऐकलं असेल त्यांनी. मला लाज वाटते."

कचऱ्यात टाकायला दाभणचा हात होईना. आयुष्यभर जे आत सापडलं ते आत ठेवत आलेली बाई ती. स्वतःच्या अंगातून निघालेलं उकिरड्यावर कसं टाकणार? बाटली घेऊन ती कामावर आली. त्या दिवशी तिच्या पुढ्यात मास्तरांची खुर्ची होती. मास्तर म्हणजे मागच्या गल्लीतले शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ. बायको जाऊन वर्ष झालेलं. खुर्ची बायकोचीच, उंच पाठीची, खिडकीशी ठेवायची. पाठीच्या भरणात, उजव्या बाजूच्या खळग्यात एक केसांचा चाप रुतलेला होता. एक दात मोडलेला साधा चाप.

काका जेवायला गेला होता. दाभणनं खडे एका पांढऱ्या चिंधीत बांधले. ती जागा बरोबर त्यांच्या मापाची होती. पण चाप आणि पुरचुंडी दोन्ही मावेनात, कापडावर उंचवटा दिसायला लागला. जागा एकाचीच होती. तिनं चाप उचलला, बटणांच्या डब्यात टाकला आणि पुरचुंडी आत दाबून पाठ शिवून टाकली. टाके इतके सुरेख आले की तिलाच कौतुक वाटलं. संध्याकाळी मास्तर खुर्ची घेऊन गेले. तिला हलकं वाटलं. घरी जाऊन ती पोटभर जेवली.

काही आठवडे बरे गेले. मग एका दुपारी, डबा खाऊन ती टाके घालायला बसली असताना, ते आलं.

तीच जागा. तीच कळ, आतून मूठ आवळत नेल्यासारखी, आणि पाठीत तेच पातं. तिनं सुई खाली ठेवली. तिला पहिल्यांदा भीती वाटली नाही, नवल वाटलं. खोली रिकामी करून, दाराला कुलूप घालून आपण बाहेर पडावं, आणि रस्त्यावरून जाताना आतून कोणी खुर्ची सरकवल्याचा आवाज यावा, तसं. कळ थोडा वेळ राहिली आणि गेली. तिनं बरगडीखाली बोटानं दाबून बघितलं. बैठक तपासताना दाबायची, तसंच.

"काय शोधतेस?" काकानं विचारलं.

"काही नाही. जिथं काही नाही तिथं दुखतंय."

"मग बरं आहे की. दुखणारंच नाही, तर दुखणं किती टिकेल?"

ते टिकलं. रोज येत नसे. रोज आलं असतं तर तिनं कदाचित त्याच्याशी जुळवून घेतलं असतं. चार दिवस दडून बसायचं, पाचव्या दिवशी जेवणानंतर यायचं. कोणी काही, कोणी काही सांगू लागलं. औषधाच्या दुकानातल्या पोरीनं आम्लपित्त म्हणून गोळ्या दिल्या. शेजारीण म्हणाली, ऑपरेशननंतर आतडी आतल्या आत चिकटतात, तिच्या जावेची चिकटली होती. काका म्हणाला, पिशवीच नाही म्हटल्यावर पित्त साठणार कुठं, गळत असेल दिवसभर. नणंदेनं ऐकून घेतलं आणि खांदे उडवले.

"काढलेली पिशवी दुखते म्हणे! माझा नवरा जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दुपारी डोळा लागला की घोरणं ऐकू येतं मला."

"मग तू काय करतेस?"

"कूस बदलते."

दाभणनं कूस बदलून पाहिली. तिला डॉक्टरांकडे जायचं नव्हतं. कोणी विचारलं तर ती म्हणायची, रांगेत कोण बसेल. खरं कारण असं होतं, की दुखणं का येतं हे आपल्याला माहीत आहे, अशी तिची खात्री होत चालली होती. दुसऱ्याच्या बायकोची वस्तू काढून तिनं तिथं स्वतःचं दुखणं शिवून टाकलं होतं. डॉक्टर पोट तपासणार. पोटात काही नाही. जे आहे ते मागच्या गल्लीत, एका खिडकीशी, एका खुर्चीच्या पाठीत आहे. हे कुठल्या तोंडानं सांगणार?

गल्लीतून जाताना ती आता त्या खिडकीकडे बघायचं टाळे. एकदा नजर गेलीच. मास्तर खुर्चीवर नव्हते, खुर्चीसमोर स्टुलावर बसले होते. खुर्चीकडे तोंड करून.

अंगाला खाज सुटली. काथ्याचा धंदा, खाज काय नवी? भूक मेली. लघवी चहासारखी गडद होऊ लागली, तर ती म्हणाली पाणी कमी पितेय. एका संध्याकाळी तिला हुडहुडी भरून आली, दात वाजायला लागले. नणंदेनं दोन पांघरुणं घातली आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. पायाशी नुसती बसून राहिली. सकाळी अंग घामानं भिजलेलं होतं आणि ताप उतरला होता, म्हणून ती कामावर गेली.

आणि त्या सकाळी खुर्ची परत आली.

मास्तरांनी ती हातगाडीवर घालून आणली होती. 

"टाका उसवला का?" तिनं विचारलं.

"नाही हो. काम उत्तमच आहे तुमचं." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बसवत नाही. म्हणजे बसतो मी, पण कोणीतरी आधीच बसलेलं आहे असं वाटतं. हसू नका. इथं काहीतरी दाबतं." आणि त्यांनी हात मागे नेऊन उजव्या पात्याखाली ठेवला.

दाभण हसली नव्हती.

"ठेवून जा," ती म्हणाली. "मी बघते."

काका मास्तरांना निरोप द्यायला रस्त्यावर गेला, तेव्हा तिनं स्वतःचे टाके स्वतः कापले. पुरचुंडी जागेवर होती. तिच्यावर काथ्याचा भुसा चढला होता, बाकी काही नाही. ती दिव्याखालून उठून काचेशी, उजेडात आली आणि पांढऱ्या चिंधीवर तिनं खडे पसरले. बाटलीत असताना तिनं ते कधी नीट बघितलेच नव्हते. करड्या-तपकिरी रंगाचे, शेंगदाण्याहून लहान. गोल नव्हते. एकमेकांवर वर्षानुवर्षं घासून त्यांना सपाट बाजू पडल्या होत्या, गुळगुळीत, जणू कोणी कानस मारून बसवल्यात.

जोडकाम तिच्या हाताला सवयीचं. बोटं आपोआप चालू लागली. एकाची सपाट बाजू दुसऱ्याच्या सपाट बाजूला लागली आणि बसली. तिसरा त्या दोघांच्या खाचेत गेला. हळूहळू एक गाठोडं तयार झालं. आपल्या आत हे असं बसलेलं होतं तर, तिला वाटलं. चांगलं घट्ट. कुटुंबासारखं.

एक बाजू उरली. कडेच्या खड्याची, सगळ्यांत रुंद, सगळ्यांत गुळगुळीत. तिनं बाकीचे सगळे उलटसुलट करून बघितले. त्या बाजूला टेकेल असा खडा तिथं नव्हता. म्हणजे जो टेकून होता, तो बाटलीत आलाच नव्हता.

तिला वाटलं होतं, की हे खडे आपल्याला बोलावताहेत. तिला नव्हेच. हे त्याला बोलावत होते. आणि तो अजून तिच्यात होता.

"दाभण," दारातून काकाचा आवाज आला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "इकडे बघ. त्या चिंधीवरून नजर काढ आणि माझ्याकडे बघ."

तिनं मान वर केली.

"तुझे डोळे," काका म्हणाला. "त्या पांढऱ्या कापडाशेजारी... अगं, हळद झालेत. मागच्या दिव्यात कळलंच नाही कधी. ऊठ. चल."

"ही खुर्ची उघडी..."

"राहू दे उघडी! तुझी वेळ आली तर बंद कोण करणार तिला?"

डॉक्टर वयानं तिच्या मुलासारखे. त्यांनी पापणी खाली ओढून बघितली, पोट दाबलं, हुडहुडीचं ऐकलं, आणि त्यांचा चेहरा कडक झाला.

"मावशी, दारात उभं राहून मी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. तुम्ही तिन्ही झाल्यावर आलात."

तिनं बरोबर आणलेली चिंधी टेबलावर उघडली, गाठोडं जुळवलं आणि रिकाम्या बाजूवर बोट ठेवलं. "याचा जोडीदार आत आहे."

डॉक्टरांनी ते उचलून बघितलं. हसले नाहीत. "आत खडा असण्याची शक्यता मला दाट वाटते. पण ती या बाजूवरून नाही. अशा बाजू पुष्कळ खड्यांना असतात. एखादा जोडीदार काढतानाच फुटून जातो, एखादा पिशवीबरोबर तपासणीला जातो. मला सांगतात ते तुमचे डोळे आणि तुमचा ताप."

"पण पिशवी तर काढली ना? मग राहील कुठं तो?"

"पिशवी काढली, रस्ता नाही काढला. पित्त तयार होतं यकृतात. तिथून आतड्यात जायची नळी तशीच असते, ती लागतेच. ऑपरेशनच्या आधी किंवा ऑपरेशन चालू असताना एखादा खडा पिशवीतून त्या नळीत घसरतो आणि लपून बसतो. सरकून तोंडाशी आला की वाट बंद, की दुखलं. मागे सरकला की थांबलं. आता तो अडकून बसलाय, आणि मागे तुंबलेलं पित्त नासायला लागलंय. अजून चार दिवस थांबला असतात तर माझ्याशी बोलायला आला नसतात."

"आणि खडा नसेल तर?"

"तर दुसरं शोधू. नळीच्या तोंडाशी झडप असते, कधीकधी तीच आवळून बसते. कधी पिशवीच्या मानेचा तुकडा राहतो, त्यात पुन्हा खडा होतो. कधी पोटात व्रण असतो, आणि आपण दोष पित्ताशयाला देऊन बसलेले असतो. ज्याला ऑपरेशननंतर दुखतं त्या प्रत्येकाला खडाच असतो असं नाही. पण काढलंय म्हणून दुखूच शकत नाही, असं तर मुळीच नाही. दुखणं खरं असतं, मावशी. ते घेऊन यायचं असतं."

दुखणं खरं असतं. हे तिनं मनात दोनदा म्हटलं. इतके दिवस ते खरं नसावं, की खरं असावं, यातलं नक्की कशाचं भय वाटत होतं, हे तिला अजून ठरवता आलं नव्हतं.

तिला ठेवून घेतलं. सलाईन लावलं, रक्त काढलं. मोठ्या गोल मशीनमध्ये सरकवलं तेव्हा भोवती ठकठक ठकठक चालली होती, जणू सगळ्या बाजूंनी कोणी खिळे मारून तिला बंद करत होतं. पडद्यावर नळी दिसली, पांढरी, वाकडी; आणि तिच्या खालच्या टोकाला एक काळा ठिपका, स्वस्थ बसलेला. मग तोंडातून नळी घालून, पोट न उघडता, डॉक्टरांनी झडपेला छेद दिला आणि बारीक तारेच्या टोपलीत तो पकडून ओढून आणला. ती गुंगीत होती. तिला कोणीतरी आपला टाका आतून उसवत असल्यासारखं वाटलं.

शुद्धीवर आली तेव्हा नणंद उशाशी बसलेली होती, आणि डॉक्टर उभे होते.

"निघाला," डॉक्टर म्हणाले. "नळी स्वच्छ आहे, शेवटी फोटो काढून खात्री केलीय. हवाय का?"

"नको!" नणंद म्हणाली. "आमच्या घरात जागा नाही."

दाभणनं डोळे मिटूनच विचारलं, "सपाट बाजू आहे का त्याला?"

डॉक्टरांनी बाटली उजेडाकडे धरली. "आहे."

"किती?"

त्यांनी बाटली फिरवून बघितली. "दोन."

एक बाजू गाठोड्याला टेकणारी. दुसरीला टेकणारा कोण? मग डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले, "मावशी, नळी स्वच्छ आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"हो," ती म्हणाली. "तुम्ही पाहिलंय." तिचा त्यांच्यावर विश्वास बसला होता. बहुतेक बसला होता. तिनं चिंधीतले खडे आणि बाटलीतला तो, सगळे त्यांच्याकडेच ठेवून घ्यायला सांगितले. "एकत्र ठेवा," एवढंच म्हणाली.

डोळे पांढरे झाल्यावर ती कामावर गेली. खुर्ची तशीच होती, पाठ उघडी, तोंड भिंतीकडे. काकानं तिला हात लावला नव्हता. दाभणनं बटणांचा डबा जमिनीवर पालथा केला आणि गुडघ्यांवर बसून शोधायला लागली. चाप तळाशी होता. मोडक्या दाताच्या जागी एक लांब पांढरा केस अडकलेला. आधी तो होता की नव्हता, हे तिला आठवेना. तिनं तो काढला नाही. चाप खळग्यात ठेवला, वर काथ्या पसरला, कापड ओढलं आणि शेवटचा टाका घातला.

मास्तर न्यायला आले. "बसून बघा," ती म्हणाली. ते बसले. पाठ टेकली. चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं, आणि ते दुकानाच्या मध्यभागी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत, डोळे मिटून बसून राहिले. काकानं खाकरून बघितलं. ते उठले नाहीत.

"काय होतं आत?" शेवटी त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"तुमचंच होतं," दाभण म्हणाली. "जागेवर नव्हतं."

दुपारी तिनं डबा खाल्ला. सगळा खाल्ला. मग सुई न उचलता भिंतीला टेकून बसली, आणि रिकाम्या खुर्च्यांच्या रांगेकडे बघत कळ यायच्या त्या वेळेची वाट बघू लागली. ती वेळ आली. रस्त्यावरून एक गाडी गेली, मागचा दिवा जरासा लवला. तिनं बरगडीखाली बोट ठेवून दाबलं. मऊ लागलं. कुठंच काही टोचलं नाही.

वेळ निघून गेली तरी तिनं बोट काढलं नाही.